नॉर्बीचा बाराचा भोंगा

९ जानेवारी, सोमवार

गावसमितीच्या सभेहून तणतणतच घरी आले. कोटही न काढता स्वयंपाकघरात उभी राहून हे लिहितेय, कारण नवऱ्याशी, लायलशी, बोलायला गेले तर माझा आवाज चढेल आणि त्याच्या हृदयाला ते चालत नाही.

आपली अँब्युलन्स जाणार. म्हणजे जाईलच असं नाही, पण चार एप्रिलच्या मतदानात गावाने वाढीव कराला होकार दिला नाही तर जूनपासून गाडी बंद. मग काही झालं की फोन करायचा तो सव्वीस मैलांवर, कौंटीच्या म्हणजे जिल्ह्याच्या गावाला. आमचे अध्यक्ष गॉर्डी प्रिबिल यांनी हे अशा थंडपणे वाचून दाखवलं की जणू कचऱ्याच्या गाडीचा वार बदललाय.

मी विचारलं, "गेल्या एप्रिलात किती जण आले होते मत द्यायला?"

रोझान आमची क्लार्क. तिने चष्मा वर सरकवला, वही उघडली. "चौऱ्याण्णव."

पाचशे तेवीस मतदारांत चौऱ्याण्णव! आणि ते चौऱ्याण्णव कोण ते मला तोंडपाठ आहे. दर एप्रिलला तीच मंडळी, त्याच टोप्या. कर हा शब्द दिसला की यांचं पेन आपोआप "नाही"वर जातं.

दोन वर्षांपूर्वी लायल गॅरेजमध्ये कोसळला तेव्हा गाडी सहा मिनिटांत दारात होती. डॉक्टर नंतर म्हणाले, पंधरा मिनिटं लागली असती तर आपलं हे बोलणं वेगळंच झालं असतं. सव्वीस मैलांना किती मिनिटं लागतात याचा हिशोब मी सभेत बसल्या बसल्या तीनदा केला. इथे लिहीत नाही.

एकतीस वर्षं मी शाळेच्या बसगाड्या सोडल्या. उणे पंचवीसमध्येसुद्धा चौदा ड्रायव्हर अंथरुणातून उठवून रस्त्यावर काढले. एका मंगळवारी तीनशे माणसं घराबाहेर काढता येणार नाहीत मला?

११ जानेवारी, बुधवार

आज बाराचा भोंगा चार मिनिटं उशिरा झाला आणि गावात काय धावपळ! पोस्टातली डॉटी खिडकी बंद करून पळाली, खानावळीचा लुट्झ एप्रनवरच पळाला, वर बँकेतला कुणीतरी. तिघं अग्निशमन केंद्राच्या दारात एकमेकांवर आदळले. एलिस हॉगस्टाड बर्फावर घसरला होता, कोपर खरचटलं होतं, बाकी काही नाही. यांना बघून म्हणे तोच ओरडला, "काय झालं? आग कुठे लागली?" आणि मग आत जाऊन बटण दाबलं.

एलिस एक्क्याऐंशी वर्षांचा. जुना फायरमन. तीस वर्षं झाली, रोज पावणेबाराला घरातून निघतो, चालत केंद्रावर जातो आणि बरोबर बाराला भोंगा वाजवतो. व्हर्ना होती तेव्हा ती भोंगा ऐकून सूप वाढायची, म्हणजे तो घरी पोचेपर्यंत खाण्याइतपत निवायचं. ती जाऊन सहा वर्षं झाली. कुणी त्याला वाजव म्हणून सांगत नाही आणि कुणी थांबवतही नाही.

चार मिनिटं काय ती. माझे बटाटे मात्र फुटून पाणी झाले.

१३ जानेवारी, शुक्रवार

सापडलं!

लुट्झकडे मासे खायला गेलो होतो, दर शुक्रवारसारखेच. तळलेला कॉड, कोबीची कोशिंबीर, लायलला चोरून अर्धा पेला ब्रँडी. मी टेबलाटेबलांवर अँब्युलन्सचा विषय काढत फिरले. सगळीकडे एकच उत्तर: "बघू." "हो का, बघू." "एप्रिल लांब आहे गं मार्लिस, बघू की."

तेवढ्यात ब्रेना ओस्टर आली. गेल्या शरदात मिल्वॉकीहून आलेली, केंद्रासमोरचं पिवळं घर घेतलेली. कडेवर सात महिन्यांचं बाळ, डोळ्यांखाली काळं. बिचारीने लुट्झला अगदी हळू विचारलं, "तो भोंगा रोजच लागतो का हो? म्हणजे... शनिवारी एकदा चालणार नाही का? हिला निजवते आणि नेमका..."

एवढंच. पण सगळी खानावळ चावायची थांबली.

"रोजच वाजतो, बाई. माझ्या जन्माच्या आधीपासून वाजतो."

"पण तिचंही खरंच आहे. माझा कुत्रा रोज टेबलाखाली मुततो."

"मग कुत्रा बदल!"

"तुला काय जातंय, तुझं घर गावाबाहेर. कानात बोळे घालून झोपतोस."

"मला पहिल्या दिवसापासून नको होता तो. कुणी विचारलं का मला?"

चाळीस माणसं उभी राहून भांडत होती. आणि या चाळिसांतले निम्मे मी गेल्या दहा वर्षांत मतदानाला पाहिलेले नाहीत. माझ्या हातातला काटा तसाच राहिला. मी लायलला म्हटलं, "बघ. अँब्युलन्स म्हटलं की बघू, आणि भोंगा म्हटलं की उभे."

लायल म्हणाला, "तुझा मासा गार होतोय."

रोझान मागच्या टेबलावर होती. तिच्या कानाशी लागले. म्हणाली, हो, मतपत्रिकेवर सल्ल्याचा प्रश्न ठेवता येतो. गावाला नुसतं विचारायचं. उत्तर कुणावर बंधनकारक नाही. समितीने ठराव करून चोवीस तारखेपर्यंत तिच्याकडे दिला की झालं.

दहा दिवस आहेत हातात.

२३ जानेवारी, सोमवार

तीन विरुद्ध दोन मतांनी ठराव मंजूर. प्रश्न मीच लिहिला: "नॉर्बी गावात दुपारी बाराचा भोंगा चालू ठेवावा का?" मुद्दाम बाळबोध. ज्याला त्याला वाचता क्षणी राग यायला हवा, या बाजूने नाहीतर त्या बाजूने. आणि मतपत्रिकेवर अँब्युलन्स आधी, भोंगा नंतर. भोंग्यापर्यंत जायचं तर अँब्युलन्सवरून जावंच लागतं.

गॉर्डी विरोधात गेला. "मार्लिस, तुला भोंगा बंद करायचाय?"

"छे! मला काय करायचंय भोंग्याचं?"

"मग विचारतेस कशाला?"

"लोक यावेत म्हणून. आलेच आहेत तर अँब्युलन्सवरही खूण करतील."

"म्हणजे उत्तर काहीही आलं तरी तुला नकोच आहे." काडीने दात कोरत बोलत होता. "ज्याचं उत्तर नको असतं ते मी माझ्या बायकोलासुद्धा विचारत नाही."

सगळे हसले. मीही हसले. नुसतं विचारण्याने कुणाचं काय बिघडतं?

२४ जानेवारी, मंगळवार

कागद रोझानकडे दिला आणि तडक एलिसकडे गेले. बाहेरून कळण्याआधी माझ्या तोंडून कळलेलं बरं.

त्याचं स्वयंपाकघर लखलखीत. दाराशेजारी खिळा, खिळ्याला लाल टोपी, टोपीखाली केंद्राची चावी. कॉफी ओतली, बिस्किटांचा डबा सरकवला. मी सगळं सांगितलं: अँब्युलन्स, चौऱ्याण्णव, खानावळ. तो ऐकत राहिला.

"आणि नको म्हणाले तर?"

"म्हणू दे की. नुसता सल्ला आहे एलिस. कायद्याने कुणावर बंधन नाही."

"सल्ला कुणाला?"

"समितीला."

"म्हणजे तुलाच." बिस्किट कॉफीत बुडवून तो बराच वेळ धरून बसला, तुकडा मोडून पडला तरी. "लायलसाठी करतेयस."

"सगळ्यांसाठी. तुझ्यासाठीसुद्धा. उद्या तूच पडलास तर?"

"ते खरं." मग घड्याळाकडे बघून उठला, टोपी घातली. पावणेबारा झाले होते. दारात म्हणाला, "कर. गाडी हवीच गावात."

बरं वाटलं. समजूतदार माणूस आहे.

७ फेब्रुवारी, मंगळवार

आज गाडीतून सगळ्या गल्ल्या पालथ्या घातल्या. अंगणांत पाट्या उभ्या राहिल्यात! "भोंगा राहू द्या" एकवीस. "दुपारी शांतता" सतरा. अँब्युलन्सच्या माझ्या स्वतःच्या हातांनी ठोकलेल्या नऊ. मला नऊची काळजी नाही. अडतीस पाट्या म्हणजे अडतीस घरं आत्ताच जागी आहेत, फेब्रुवारीत! असं नॉर्बीत कधी झालं नव्हतं.

जेवताना लायलला आकडे सांगत होते. तो म्हणाला, "बस जरा. मघापासून चौथ्यांदा उठतेयस." बसवत नाही, काय करू? बसले की मला गॅरेजची जमीन दिसते आणि त्याचा तो पांढरा पडलेला चेहरा.

२१ फेब्रुवारी, मंगळवार

ब्रेनाच्या घरासमोर परवा कुणीतरी ट्रक उभा करून बारापासून सव्वाबारापर्यंत हॉर्न दाबला. बाळ रडून रडून निळं पडलं म्हणे. वाईट झालं. मी केळ्याचा पाव घेऊन गेले. ती दार अर्धंच उघडून म्हणाली, "मी नुसतं विचारलं होतं हो. मतदान घ्या असं नव्हतं म्हटलं."

मी म्हटलं, एप्रिलनंतर सगळे विसरतील.

"एलिसने काल आमच्या पायऱ्यांवरचा बर्फ उपसला," ती म्हणाली. "ट्रकबद्दल माफी मागत होता. त्याचा काय संबंध?"

रोझानचा निरोप: टपालाने मत देण्यासाठी एकेचाळीस अर्ज आलेत. गेल्या खेपेला सहा होते. एकेचाळीस!

८ मार्च, बुधवार

चर्चमध्ये लेंटचं, म्हणजे ईस्टरआधीच्या उपासाच्या दिवसांतलं, बुधवारचं सूप. भोंगेवाले डाव्या टेबलांवर, शांततावाले उजव्या, आणि मधल्या टेबलावर मी आणि पास्टरीणबाई. वाटाण्याचं सूप डाव्यांनी केलं होतं म्हणून उजव्यांनी फक्त ब्रेड खाल्ला. चाळीस वर्षं एकत्र गाणी म्हणणारी माणसं! मी डाव्यांना म्हटलं, "भोंग्यासाठी येताय ना? मग तेवढं अँब्युलन्सलाही हो करा." उजव्यांनाही तेच. दोन्हीकडे माना हलल्या.

एलिस आला नाही. दर बुधवारी भांडी तोच विसळतो. डॉटी म्हणाली, "लोक त्याच्या तोंडावर आपलं मत सांगतात गं. रस्त्यात अडवून. हा म्हणतो ठेवा, तो म्हणतो एलिस, राग मानू नकोस पण नको. त्याला नको वाटत असेल यायला." मला वाटतं सर्दी झाली असणार, साथ आहेच.

२६ मार्च, रविवार

दिवसभर डोकं ठिकाणावर नाही. पहाटेच एक विचार आला आणि तो काही जाईना: मी जी माणसं घराबाहेर काढतेय ती नक्की कोण? भोंगा राहावा म्हणणारी म्हणजे जुनं जे आहे ते तसंच असू द्या म्हणणारी. त्यांना कर आवडतो होय? मी चौऱ्याण्णव नकारवाल्यांना घाबरून आणखी तीनशे नकारवाले तर गोळा करून आणत नाहीये? नव्या लोकांची मतं शांततेकडे, त्यांना मुलंबाळं, त्यांना अँब्युलन्स हवी. म्हणजे खरं तर मला शांततावाले जास्त यायला हवेत. मग संध्याकाळी मी काय केलं? रोझानच्या यादीतून नव्या घरांचे पत्ते काढले आणि एकेकाला फोन केला. "ब्रेनाच्या बाळासाठी तरी या हो," असं म्हटलं. बाळाचं नाव घेतलं मी.

भोंग्याविरुद्ध माणसं जमवतेय हे मला ठाऊक होतं. पण तो नुसता सल्ला, आणि गाडी म्हणजे लायलचा जीव. यात काय तोलायचं?

४ एप्रिल, मंगळवार

सकाळी सातला रांग! नॉर्बीत, एप्रिलात, पाऊस भुरभुरत असताना रांग! बायकांनी दारात केक-पावाचं टेबल मांडलं होतं, ते दहाच्या आत रिकामं. रोझानच्या मतपत्रिका संपतात की काय अशी वेळ आली.

बाराला मतदानाच्या खोलीत भोंगा ऐकू आला आणि रांग जागच्या जागी थांबली. कुणी कुणाकडे बघेना. मग एकजण खोकला आणि रांग पुढे सरकली.

एलिस साडेबाराला आला. टोपी हातात. बाहेर पडताना मी विचारलं, "केलंस ना मत?"

"गाडीला हो केलं."

"आणि भोंग्याला?"

"ते कोरं ठेवलं. स्वतःबद्दल कसं मत द्यायचं?"

मी हसून त्याच्या पाठीवर थोपटलं. घरी आल्यावर ध्यानात आलं, मीही भोंग्याचा प्रश्न कोराच ठेवला होता. घाईत खालपर्यंत नजरच गेली नाही.

५ एप्रिल, बुधवार

जिंकलो! तीनशे एकाहत्तर माणसं आली. अँब्युलन्सला हो एकशे चौऱ्याण्णव, नाही एकशे एकाहत्तर. तेवीस मतांनी गाडी वाचली. मी रोझानच्या टेबलाशी उभी राहून रडले, चारचौघांत. रडू दे. लायलची सहा मिनिटं शाबूत राहिली.

भोंगा: ठेवा एकशे शहात्तर, नको एकशे नव्वद. असो.

जेवताना विषय निघाला. मी म्हटलं, "कोण असतील हे एकशे नव्वद?"

लायल बटाट्याला लोणी लावत होता. "एक मी."

"तू? तू?"

"रोज बाराला छातीत धस्स होतं माझ्या. ऑपरेशन झाल्यापासून."

"मग दोन वर्षांत बोलला का नाहीस?"

"कुणी विचारलं नव्हतं. तू विचारलंस, मी सांगितलं."

१० एप्रिल, सोमवार

आज काय झालं ते सरळ लिहिते, नाहीतर उद्या मी ते माझ्या सोयीने आठवेन.

सभागृहात साठ माणसं. एरवी तीन असतात. मी म्हटलं, भोंग्याचा निकाल सल्लागार स्वरूपाचा आहे, समितीने त्याची नोंद घ्यावी आणि भोंगा चालू ठेवावा.

मागून आवाज आला, "नोंद घ्यावी म्हणजे? आम्ही काय तुमची गंमत बघायला आलो होतो?"

"तुम्हीच विचारलंत!"

"फोन करून बोलावलंत मला! बाळासाठी या म्हणालात!"

मग अँब्युलन्सला नाही म्हणणाऱ्यांतला एक उठला, बर्ट झिमर. तो शांतपणे बोलला आणि तेच वाईट होतं. "एका कागदावरचं एक उत्तर धरायचं आणि दुसरं टाकायचं, हे चालणार नाही. भोंग्याचं मोजत नसाल तर आम्ही गाडीचंही मोजत नाही. फेरमोजणी मागू, वकील लावू, जूनच्या पुढे लांबवू. तेवीसच मतं आहेत."

कायद्याने त्यात दम नाही, रोझानने तिथेच सांगितलं. पण लांबवू म्हणाला ना. लांबवलं तर जून उलटतो आणि गाडी जाते.

एक मेपासून भोंगा बंद करावा का, यावर गॉर्डीने मत घ्यायला सांगितलं. दोन बंदच्या बाजूने, दोन विरुद्ध. गॉर्डी, ज्याने हा प्रश्नच नको म्हटलं होतं, तो भोंग्याच्या बाजूने होता. मग सगळे माझ्याकडे वळले.

एलिस शेवटच्या रांगेत बसला होता, टोपी गुडघ्यावर. मी त्याच्याकडे बघितलं नाही. लायलकडे बघितलं आणि म्हटलं, "बंद."

एलिस उठला. माणसांतून वाट काढत पुढे आला, चावी टेबलावर ठेवली, माझ्याच पुढ्यात. "एक मेपासून ना? तीस तारखेपर्यंत चावी लागेल मला," म्हणाला आणि परत उचलून खिशात घातली. कुणीतरी टाळी वाजवली आणि लगेच थांबलं. कशासाठी टाळी, देव जाणे.

वादळाच्या इशाऱ्याचा भोंगा कौंटीतून लागतो, तो राहणार. तेवढं तरी आहे.

१ मे, सोमवार

आज बाराला काहीच झालं नाही. घेवडा करपला.

लायल बागेतून आत आला, दारात थांबला, म्हणाला, "झाले का बारा?" बारा वाजून वीस मिनिटं झाली होती. छान शांत आहे म्हणाला. जेवला, पण दोनदा खिडकीशी जाऊन आला.

अँब्युलन्सच्या नव्या करारावर सही झाली. माझी सही दुसरी.

६ मे, शनिवार

दुकानात ब्रेना भेटली. बाळ आता दोन दोन तास झोपतं. पण तिचा चेहरा काही उजळलेला नव्हता.

"एलिस अजून येतो," ती म्हणाली. "रोज. बाराला पाच मिनिटं कमी असताना येतो, केंद्राच्या दाराची कडी हलवून बघतो, जरा उभा राहतो आणि जातो. मी खिडकीतून बघते. हात करावासा वाटतो, पण मीच त्याचं..."

"जुनी सवय आहे," मी म्हटलं. "पायांना सवय लागते. चालणं चांगलंच असतं या वयात."

त्याच्याकडे जायला हवं एकदा. त्याने तीस तारखेला चावी परत दिली, तेव्हापासून गेले नाही. गेले तर काय बोलायचं, हेच सुचत नाही. या आठवड्यात गाडीच्या नव्या वेळापत्रकाचं काम आहे. पुढच्या आठवड्यात नक्की.

१७ मे, बुधवार

घरी आले आणि तशीच लिहायला बसले.

बारा वाजून वीस मिनिटांनी ब्रेनाचा फोन आला. "एलिस आज आला नाही. कालही नव्हता आला. काल मला वाटलं, सोडली सवय. पण आज..."

मी पळतच गेले. पासष्टाव्या वर्षी, घरातल्या सपाता घालून. दाराला आतून कडी नव्हती. स्वयंपाकघराच्या जमिनीवर, स्टोव्ह आणि टेबलाच्या मध्ये पडला होता. एक पाय विचित्र वळलेला. ओठ फुटलेले, कोरडे. डोळे उघडे होते आणि मला ओळखत होते.

फोन केला. बारा पस्तीस. मग जमिनीवर बसले, टॉवेल भिजवून त्याच्या ओठांना लावत राहिले. त्याचा हात लाकडासारखा गार. मी काहीतरी बडबडत होते, गाडी येतेय, आलीच, आपलीच गाडी आहे, येतेय.

"कधी पडलास रे?"

"काल. सकाळी. कॉफी ठेवत होतो." आवाज म्हणजे नुसता वारा. "हाका मारल्या. मग म्हटलं, दम धर. बारापर्यंत दम धर."

"बारापर्यंत का?"

"भोंगा झाला नाही म्हणजे येईल ना कुणीतरी. डॉटी येईल. लुट्झ." जीभ ओठांवरून फिरवली. "पाच तास घड्याळाकडे बघत होतो. बारा झाले. बारा वाजून चार मिनिटं झाली. दहा झाली. म्हटलं, आज कसं कुणी येत नाही? आणि मग आठवलं."

मला त्याच्याकडे बघवेना. खिळ्याला टोपी तशीच होती, खाली चावी नव्हती. मी त्याचा हात दोन्ही हातांत धरून म्हटलं, "मला माफ कर." तो म्हणाला, "तू तर घरी येऊन सांगितलं होतंस." खरंच सांगितलं होतं की नव्हतं, हे मला त्या क्षणी आठवेना. नुसता सल्ला आहे, एवढंच सांगितलं होतं.

गाडी आली. दोघांनी त्याला अलगद उचललं. खुब्याचं हाड गेलंय, पाणी फार कमी झालंय, पण धडधड चांगली आहे, वाचेल म्हणाले. त्यांतली एक, फॉर्म भरणारी, बेथानी. मी सोडलेल्या बसनेच शाळेत जायची ती.

"मार्लिस, किती वाजता पडले?"

"काल. सकाळी सातला."

"आणि आपल्याला फोन?"

"आज. बारा पस्तीसला."

तिने दोन्ही वेळा एकाखाली एक लिहिल्या. पेन थांबलं. तिने माझ्याकडे बघितलं नाही. मग खालच्या रकान्यात लिहिलं: गाडी पोचली, बारा एक्केचाळीस.

सहा मिनिटं.